पिणारे किती?

विहिरीचं पाणी तपासायला गेलं की आधी चहा येतो. नको म्हणायची सोय नसते. पिशवीतून किट काढायच्या आत तेच पाणी आलं-साखर घालून आपल्या पोटात गेलेलं असतं. पाम, टेंभी, कुंभवली, कोलवडे या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मी किती विहिरींचा चहा प्यायले, त्याचा हिशेब नाही. तपासलेल्या विहिरींचा मात्र आहे. दोनशे पानी वही आहे माझ्याकडे. तिच्यात मी पहिल्याच दिवशी पट्टीने रकाने आखले होते: मालकाचं नाव, पाडा, विहिरीचा व्यास, पाण्याची खोली, संडासापासून अंतर, निकाल, शेरा. मला वाटलं होतं, एवढे पुरतील. एक रकाना राहिला होता, हे कळायला वर्ष गेलं.

आधी मी तारापूरच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. एकोणीस वर्षं. पांढरा कोट, ब्युरेट, शंक्वाकृती चंबू आणि सकाळच्या शिफ्टची बस. घर बोईसरला. मुलीचं शिक्षण, फ्लॅटचे हप्ते, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्याच पगारातून झालं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी पाण्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, ही बाई कारखान्यांच्या विरोधात उभी आहे. मी कारखान्यातूनच आले. पामच्या ज्या घरांत मी पाणी तपासायला जाते, तिथलाही कुणी ना कुणी सकाळी डबा घेऊन गेटवर जातोच. ज्यांना नोकरी नाही त्यांनी परसात खोल्या बांधून भाड्याने दिल्यात. एमआयडीसी इथे सत्तरच्या दशकात आली. त्याच्या जरा आधी, 1969 मध्ये, तारापूरची अणुवीज सुरू झाली होती. आज साठीला आलेला माणूस इथे चिमण्यांच्या सावलीतच वाढलेला आहे.

त्याची किंमतही सगळ्यांना माहीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूरला शंभरात 93.69 गुण मिळाले. बोर्डात पहिला आल्यासारखे. त्याआधी 2016 मध्ये इथल्या मांगेला मच्छीमारांची संघटना खाडीतल्या आणि समुद्रातल्या प्रदूषणाचं गाऱ्हाणं घेऊन हरित लवादाकडे गेली होती. खाडी सगळ्यांना दिसते. मेलेले मासे काठाला लागले की फोटो निघतात. विहीर मात्र घराच्या मागे असते, कठड्याच्या आत असते. तिचा फोटो कोण काढणार?

नोकरी सुटल्यावर एका संस्थेने विचारलं, गावातल्या बायकांना पाणी तपासायला शिकवाल का? 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशनची घोषणा झाली, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांनी किट वापरायला शिकावं असं ठरलं होतं. मला वाटलं, हे तर माझ्या हातचं काम. किट म्हणजे माझ्या जुन्या प्रयोगशाळेची भातुकलीच. छोट्या बाटल्या, ड्रॉपर, रंगांचा तक्ता. जडपणा मोजताना वाइनसारखा लाल रंग थेंबाथेंबाने निळा होतो. क्लोराइडला पिवळ्याचा विटकरी होतो. नायट्रेटचा गुलाबी जितका गडद तितकं वाईट. जंतूंसाठी वेगळी कुपी असते, तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी पडली तर पाण्यात मैल्याचे जंतू आहेत असं धरायचं. ही कुपी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत 1982 च्या सुमारास निघाली. चौथी शिकलेल्या बाईलाही ती एका फेरीत समजते. पाणी काळं झालेलं पाहिलं की तिला आकड्याची गरज उरत नाही.

गाडी अडली ती यादीपाशी. सरकारी तपासणी सार्वजनिक स्रोतांची होते: ग्रामपंचायतीची विहीर, हातपंप, नळयोजनेची टाकी. पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, आरोग्यसेवक क्लोरीन तपासतो. पण परसातली विहीर, वाडीतली विहीर, चाळीमागची बोअर या यादीत कुठेच नव्हत्या. विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, ती खाजगी आहे." उत्तर चुकीचं नव्हतं. अमेरिकेतही हेच आहे. तिथला पिण्याच्या पाण्याचा 1974 चा कायदा खाजगी विहिरींना लागू नाही, आणि तिथे चार कोटींवर माणसं असल्या विहिरींचं पाणी पितात. त्यांनी आपलं आपण तपासावं, एवढंच. आपलं आपण तपासायचं तर आधी संशय यायला हवा, आणि मग निकाल ऐकायची ताकद हवी.

ही ताकद कशाला लागते, ते मला टेंभीकडच्या एका घरात कळलं. घर टापटीप, अंगण सारवलेलं, विहिरीला जाळी, कप्पीला तेल. सुनेला चार महिन्यांचं बाळ. तिला दूध पुरत नव्हतं म्हणून डब्याची पावडर सुरू होती. आजेसासू मला अभिमानाने म्हणाली, "बाळाचं पाणी मी वीस मिनिटं उकळते. एक जंतू राहात नाही." कुपी दोन दिवसांनी काळी झाली, त्यात नवल नव्हतं. नायट्रेटचा रंग मात्र तक्त्यावरच्या शेवटच्या खणापर्यंत गेला. पक्का नमुना प्रयोगशाळेत दिला, तिथूनही तेच आलं. आपल्या मानकात नायट्रेटला लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि त्यात सूट नाही. जास्त असलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, अंग निळसर पडू शकतं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटतं आणि तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात उरतं. म्हणजे ती म्हातारी रोज वीस मिनिटं मायेने जे करत होती, त्याने नायट्रेट वाढत होतं.

नायट्रेट आलं कुठून? विहिरीपासून सात पावलांवर नवा संडास, त्याचा शोषखड्डा, आणि पलीकडे म्हशींचा गोठा. कारखान्याचा इथे काडीचाही संबंध नव्हता. हे सांगायला मला जड गेलं. कारण सगळ्यांना कारखान्याचं नाव ऐकायचं होतं. घरातले पुरुष पुन्हा पुन्हा विचारत होते, "पण केमिकल आहे ना?" गोठा आपला, खड्डा आपला, संडास गेल्या वर्षी हौसेने बांधलेला, तोही सुनेच्या हट्टाने. मला दिसत होतं की मी आता तोंड उघडलं तर बोल सुनेला लागणार. म्हणून मी आधी म्हातारीशी बोलले. म्हटलं, "आजी, उकळणं सोडू नका, मोठ्यांसाठी चालू ठेवा. बाळाचं पाणी तेवढं नळाचं घ्या." संडास कुणाच्या हट्टाने बांधला, हा विषयच काढला नाही. दुसऱ्या महिन्यात खड्ड्याची जागा बदलायची गोष्ट मी सासऱ्यांकडे काढली. तो खड्डा अजून तिथेच आहे. बाळ नळाच्या पाण्यावर आहे. इतपतच जमलं.

तेव्हापासून मी बायकांना शिकवताना रंगांचा तक्ता दुसऱ्या दिवशी दाखवते. पहिल्या दिवशी एवढंच विचारते: वाईट निकाल आला तर कुणाला आधी सांगाल, कुणाच्या समोर सांगायचं नाही, आणि उद्या सकाळी त्या घराने कुठलं पाणी प्यायचं? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर बाटली उघडायचीच नाही. तपासून मोकळं होणं फार सोपं असतं.

दुसरी विहीर पामकडची. मालक सज्जन माणूस. पण तपासू द्यायला तयार नव्हता. "आमच्या विहिरीला काय धाड भरलीय? माझ्या आजोबांनी खोदलेली आहे." तीन वेळा गेले, तीन वेळा चहा मिळाला, नमुना मिळाला नाही. चौथ्या वेळी माझं लक्ष त्यांच्या ओट्याकडे गेलं. वीस लिटरचा निळा जार उलटा करून ठेवलेला. घर जारचं पाणी पीत होतं. मग विहिरीचं कोण पितं? मागे पत्र्याच्या अकरा खोल्या. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची पोरं, एकेका खोलीत चार-चार. मोटरने पाणी वरच्या काळ्या टाकीत, तिथून एका नळाला. तिथे एक मुलगी कळशी भरत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "दीदी, पानी तो सेठ का है, जैसा है वैसा है." तिचा नवरा कंत्राटी कामगार होता. जारचे पैसे रोज कुठून आणणार?

त्या दिवशी घरी येऊन मी वहीत नवा रकाना आखला. शेवटी जागा नव्हती, म्हणून मालकाच्या नावाच्या डावीकडे समासातच पट्टी धरली आणि वर लिहिलं: पिणारे किती? त्या विहिरीपुढे मालकाच्या घरचे शून्य आले, आणि भाडोत्री बेचाळीस. मग मागची पानं उलटून जुन्या विहिरींकडे पुन्हा गेले. एका वाडीतली विहीर माळ्याच्या कुटुंबाची, पण पलीकडच्या वारली पाड्यातल्या सात घरांचं पाणी तिच्यावर. एका निवृत्त मास्तरांच्या विहिरीवर रोज सकाळी रिक्षा स्टँडवरची मंडळी बाटल्या भरून नेतात. कागदावर खाजगी असलेल्या विहिरींपैकी फक्त मालकच पितो अशी विहीर शोधायला मला पानं चाळावी लागली. यादीतून वगळताना ज्याला खाजगी म्हटलं होतं, त्यात गावच्या गाव बसत होता.

कायद्याची बाजू मी एका वकील मैत्रिणीकडून समजून घेतली. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क आहे. इंग्रजांनी तो जमिनीखालचे झरे कुठून कुठे जातात हे न बघता देऊन टाकला. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात विहिरींची नोंदणी आहे, पाणी दूषित करण्याला मनाई आहे. पण पामच्या परसात अजून 1882 चालू आहे. विहीर माझी, म्हणजे पाणी माझं, म्हणजे त्याचं वाईट झालं तर तेही माझंच, झाकून ठेवायचं. खरं तर कठडा, कप्पी, दोर मालकाचे. पाणी शेजाऱ्याच्या गोठ्याखालून, रस्त्यापलीकडच्या नाल्याखालून येतं आणि पुढे तिसऱ्याच्या बोअरला जातं. उन्हाळ्यात उपसा वाढला की किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा समुद्र काही कुणाचा सातबारा विचारून आत येत नाही.

तिसरी विहीर सांगायला मला अवघड जातं, कारण तिथे मी चुकले. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. विहीर लहान, अडीच मीटर व्यासाची, त्या दिवशी चार मीटर पाणी. मी किट उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पाण्याला वास मारतो गो बाय." मी पोहऱ्यातलं पाणी हुंगलं. मला काही आलं नाही. एकोणीस वर्षं सॉल्व्हंटच्या वासात काढलेलं नाक माझं, त्याला काय येणार! किटच्या सगळ्या चाचण्या ठीक. पीएच ठीक, जडपणा ठीक, नायट्रेट बरं. जंतूंची कुपी तेवढी काळी. म्हणजे उपाय सरळ. हिशेब केला: विहिरीत सुमारे वीस हजार लिटर पाणी, हजार लिटरला पाच ग्रॅम या ठोकताळ्याने शंभर ग्रॅम टीसीएल. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं, पोहरा खालीवर केला. आजींना सांगितलं, "आता पाणी चांगलं झालं. रात्रभर थांबा, सकाळपासून प्या."

आठवड्याने निरोप आला, वास वाढलाय. मी फोनवरच सांगितलं, "आजी, तो औषधाचा वास आहे, दोन दिवसांत जाईल." दहा दिवसांनी त्या मला बाजारात भेटल्या. पुन्हा तेच. "आधी रंगाच्या डब्यासारखा यायचा. तू पावडर टाकलीस, आता दवाखान्यासारखा येतो."

त्या रात्री मला झोप आली नाही. दवाखान्यासारखा वास म्हणजे काय, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकवलं होतं. पाण्यात फिनॉल जातीचं काही अगदी किंचित असलं आणि त्यात क्लोरीन पडलं, तर क्लोरोफिनॉल तयार होतात. त्यांचा वास आणि चव मूळ फिनॉलपेक्षा कितीतरी तीव्र. म्हणूनच मानकात फिनॉलची मर्यादा लिटरमागे 0.001 मिलिग्रॅम ठेवलेली आहे. हजार लिटरच्या टाकीत एक मिलिग्रॅम. किटमध्ये ही चाचणी नसते. म्हणजे किटने "ठीक" म्हटलं ते त्याला विचारलेल्या प्रश्नांपुरतं. न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर मी आजींना देऊन आले होते, तेही शिक्का मारल्यासारखं.

फिनॉलची चाचणी सगळीकडे होत नाही आणि स्वस्तही नसते. काचेच्या बाटलीत नमुना घेतला, ठरलेलं आम्ल घालून, बर्फाच्या पेटीतून, स्वतः लोकलने घेऊन गेले. निकाल आला, मर्यादेच्या वर. बरंच वर. ते कुठून आलं हे मी सांगू शकत नाही. नाल्यातून, कुणीतरी रात्री ओतलेल्या टँकरमधून, की जवळपास कुणी पुरलेल्या जुन्या डांबराच्या पिंपातून? एका विहिरीच्या एका नमुन्यावरून बोट दाखवता येत नाही. तेवढं कंपनीच्या लॅबनेच मला शिकवलं आहे. कळवायचं तिथे लेखी कळवलं, पोच घेतली. आजींकडे मात्र स्वतः गेले. चहा आला. ह्या वेळी नळाच्या पाण्याचा होता, त्यांनी आपणहून सांगितलं. मी म्हटलं, "आजी, तुमचं नाक बरोबर होतं. मी चुकीचं सांगितलं." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या सासूने शिकवलंय, पाणी आधी हुंगायचं, मग हंड्यात ओतायचं. तुझ्या शाळेत नाही शिकवत?"

पुढे निकाल गावासमोर कसे मांडायचे हा प्रश्न आला. बांगलादेशात 2000 नंतर सुमारे पन्नास लाख नळकूप तपासून, आर्सेनिक जास्त असलेल्यांना लाल आणि बाकीच्यांना हिरवा रंग दिला होता. बायका लाल सोडून शेजारणीच्या हिरव्यावर जाऊ लागल्या. आमच्या बैठकीत मी हे सांगितलं तर अर्धी खोली उठून उभी राहिली. कुणाच्या दारात लाल रंग कोण लावून घेईल? जमिनीचा भाव, पोरीचं लग्न, भाडोत्री, सगळं आडवं आलं. किट शिकलेल्या पाचांतली एक ताई, बचत गटाची, तिने मधला मार्ग काढला. फक्त चांगल्या विहिरींवर पाटी लावायची: "पिण्यासाठी तपासलेली", आणि खाली तारीख. मालकाची परवानगी असेल तरच, आणि ज्याने दोन घोट दुसऱ्यालाही द्यायची तयारी दाखवली त्याच्याच कठड्यावर. मला आधी हे भित्रेपणाचं वाटलं. पण बारा पाट्या लागल्यावर बाकीचे मालक विचारायला लागले, "आमची का नाही?" ज्यांच्या दारात चहा पिऊन मी रिकाम्या हाताने परतले होते, ते आता रविवारी सकाळी बाटली घेऊन माझ्या जिन्यात उभे.

अकरा खोल्यांचा मालकही आला. त्याच्या विहिरीत जंतू होते, बाकी काही वाईट निघालं नाही. टाकी साफ करून घेतली, टीसीएलचं माप त्याच्या मुलाला शिकवलं. पाटी लागली तेव्हा कळशीवाली मुलगी अक्षरं जुळवत वाचत होती. मालकाने पुढच्याच महिन्यात खोलीमागे शंभर रुपये भाडं वाढवलं. तपासलेलं पाणी म्हणे. मी काय बोलणार? ते आकडेही वहीत लिहून ठेवले, समासात.

यंदा पावसाळा ओसरल्यावर पुन्हा फेरीला निघाले तेव्हा आजींच्या घरापासून सुरुवात केली. त्यांची विहीर आता फक्त झाडांसाठी. तरी त्या मला कठड्यापर्यंत घेऊन गेल्या. मी किट खाली ठेवलं, पोहरा सोडला, भरून वर ओढला आणि आधी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी डोळे मिटून हुंगलं. मी वही उघडून पेन घेऊन थांबले, शेरा त्या सांगतील तो लिहायला.